वादग्रस्त पट्ट्याचे केंद्रसंचालक

मोडक टिटवाळ्याला गेले. म्हणजे वारले नाहीत. खरोखरच टिटवाळ्याला राहायला गेले. हा खुलासा करावा लागतो, कारण आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत या दोन्ही बातम्या एकाच सुरात सांगतात आणि ऐकणारा दोन्हींवर "अरेरे, कधी?" एवढंच विचारतो. त्यांच्या मुलीने तिकडे नव्या टॉवरमध्ये मोठं घर घेतलं, वडिलांना आता एकटं ठेवायचं नाही असं ठरवलं, आणि एका शनिवारी सकाळी खाली टेम्पो उभा राहिला.

माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलं लिहायची पद्धत आहे. टिटवाळ्याला जाणं या पद्धतीत बसतं की नाही, मला माहीत नाही. मोडकांबद्दल चांगलं लिहायला मला जड जातं, कारण आमचं भांडण कधीच झालं नाही. झालं असतं तर मी एव्हाना त्यांना माफ तरी केलं असतं.

ठाण्याच्या एका कॉलेजात आम्ही दोघांनी जन्म काढला. ते वाणिज्य शिकवायचे, मी इतिहास. डोंबिवलीत शिक्षकांनी मिळून सोसायटी काढली तेव्हा चिठ्ठ्या टाकून घरं वाटली आणि मला मोडकांच्या समोरचं दार मिळालं. त्यामुळे स्टाफरूममध्ये दिवसभर पाहिलेला चेहरा संध्याकाळी दूध आणायला जातानाही दिसायचा. ते मला नावाने हाक मारत नसत. "काय इतिहास, निघालात?" असं विचारत. विषयाने हाक मारायची त्यांची ही खोड सगळ्यांना गोड वाटायची. मी त्यांना कधी "काय वाणिज्य?" म्हटलं नाही, यात माझी सभ्यता कोणाच्या लक्षात आली नाही.

मोडक वर्गात रटाळ शिकवत. हे मी द्वेषाने सांगत नाही. त्यांचे विद्यार्थीच सांगत, आणि प्रेमाने सांगत. त्यांची खरी विद्या परीक्षा घेण्याची. कॉलेजात बारावीचं केंद्र आलं की केंद्रसंचालक मोडकच. त्या दिवसांत ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालत, पायात रबरी तळव्यांचे बूट, म्हणजे येताना ऐकू येत नसत. पर्यवेक्षकाने वर्गात पुढे उभं राहू नये, मागे राहावं, असं त्यांचं शास्त्र होतं. पुढे उभ्या माणसाची नजर मुलांना दिसते. मागे उभ्या माणसाची नजर प्रत्येकाला आपल्याच मानेवर वाटते. ही सवय इतकी मुरली की लग्नकार्यात, सभेत, अगदी सोसायटीच्या झेंडावंदनालाही मोडक शेवटच्या रांगेमागे उभे दिसत. लोक म्हणत, काय नम्र माणूस आहे. त्यात नम्रतेचा काही संबंध नव्हता. तो पहारा होता.

दुसरी सवय बाटल्यांची. मुलं पाण्याच्या बाटलीवरच्या कागदाच्या आतल्या बाजूला सूत्रं लिहून आणतात, म्हणून वर्गाच्या दारातच मोडक प्रत्येक बाटलीचा कागद सोलून काढत. निवृत्त झाल्यावरही हात थांबले नाहीत. कोणाकडेही गेले आणि समोर बाटली आली की बोलता बोलता तिचा कागद सोलत. एकदा एका मुंजीत त्यांनी अख्ख्या पंगतीच्या बाटल्या उघड्या केल्या. यजमानांना वाटलं, सरांना प्लास्टिकची चीड आहे. त्यांनी सरांचं पर्यावरणाबद्दल कौतुक केलं. मोडकांनी ते स्वीकारलं. मोडक कोणतंही कौतुक स्वीकारत. परत पाठवलेलं मी पाहिलेलं नाही.

निवृत्तीनंतर माजी विद्यार्थ्यांनी ठाण्यात मोडकांचा सत्कार केला आणि परिचय करून द्यायला मला बोलावलं. शाल, नारळ, फुलांच्या परडीला गुंडाळलेला चकचकीत कागद, सगळं रीतसर होतं. मग एक जण उठला. दोन कारखाने आहेत त्याचे. म्हणाला, "सरांनी मला कॉपी करताना पकडलं, आणि माझं आयुष्य बदललं." टाळ्या थांबेनात. मग दुसरा उठला, त्यालाही पकडलं होतं. मग तिसरा. मी तीस वर्षं मुलांना साम्राज्यं कशी उभी राहतात आणि कशी कोसळतात ते सांगितलं. एकालाही कधी पकडलं नाही. त्या दिवशी माझ्या वाट्याला व्यासपीठावरची कडेची खुर्ची आणि बाटली आली. तिचा कागद मोडकांनी सोलला.

पण हे सगळं मी सोसलं असतं. माझं खरं दुखणं वेगळं आहे, आणि त्याचं नाव निखिल. माझा मुलगा.

निखिलच्या बारावीला त्याचं केंद्र नेमकं आमच्या कॉलेजात आलं. परीक्षेच्या कामाचा एक नियम असतो: ज्याच्या घरचं कोणी परीक्षेला बसलं आहे, त्याने त्या वर्गाच्या आसपास फिरकायचं नाही. माणसं कमी होती म्हणून मोडकांनी मला कामावर घेतलं, पण मैदानापलीकडच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, पंखा नसलेल्या वर्गात टाकलं. मी म्हटलं, "अहो मोडक, मी काय त्याला उत्तरं सांगणार आहे? मला फिजिक्समधलं एक अक्षर कळत नाही." ते म्हणाले, "तुम्हाला कळतं की नाही, हा प्रश्न नाही. तुम्ही बाप आहात."

फिजिक्सच्या पेपरला मी माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीत पाहिलं, तर मोडक एका मुलाशेजारी खुर्ची टाकून बसलेले. हे मी कधी पाहिलं नव्हतं. बसलेला मोडक म्हणजे बसलेला घोडा. काहीतरी बिघडल्याशिवाय दिसत नाही. त्यांनी त्या मुलाचं बाक दाराजवळ पंख्याखाली घेतलं होतं आणि त्याला ग्लासातून काहीतरी पाजत होते. मला वाटलं, कोणाचं तरी पोर घाबरलं असेल. मग माझ्या वर्गातल्या एका मुलीने पुरवणी मागितली आणि मी खिडकी सोडली.

पेपर संपल्यावर मोडक आले. "इतिहास, तुमच्या मुलाला ताप होता. चक्कर आली. आता बरा आहे, पूर्ण पेपर लिहिलाय."

"मला बोलवायचं नाही?"

"बोलावलं असतं तर बाप पेपर चालू असताना वर्गात आला असं झालं असतं. त्याचा पेपर अडकला असता."

यात चूक कुठे आहे, ते मी अनेक वर्षं शोधतोय. सापडलेली नाही. म्हणूनच राग जात नाही. निखिल नंतर आईला सांगत होता, "मोडक सर म्हणाले, लिहायचं का घरी जायचं ते तू ठरव, मी इथेच बसलोय." मी दाराशी उभा राहून ऐकलं. माझ्या तापलेल्या मुलाच्या कपाळावर हात होता तो मोडकांचा, आणि मी मैदानापलीकडे पुरवण्या वाटत होतो.

निखिल आता बंगलोरला असतो. रविवारी फोन करतो. आमचं बोलणं असं: "जेवलात?" "हो. तू?" "हो. गोळ्या घेता ना?" "घेतो." "बरं, आईला द्या." मग आईशी अर्धा तास. मी तिथेच पेपर उघडून बसतो आणि एकही ओळ वाचत नाही. लहानपणी त्याला जेवताना मी मोहिमाच्या मोहिमा सांगायचो. कोणत्या सैन्याला दाणागोटा पुरला नाही, कोणाची जनावरं गवतावाचून मेली. लढाया तलवारीने कमी आणि दाण्यावैरणीने जास्त जिंकतात, हे माझं लाडकं मत. तो म्हणायचा, "बाबा, आमटी वाढा." मला एवढंच हवं होतं की एकदा त्याने पुढे काय झालं ते विचारावं.

आमच्या स्वयंपाकघराची आणि मोडकांच्या बैठकीची खिडकी एकाच डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या पोकळीत, उघडते. एका संध्याकाळी मी पाणी प्यायला आत गेलो, तर डक्टमधून निखिल हसताना ऐकू आला. मोठ्याने, पोटातून.

"निखिल आलाय?" मी मालतीला विचारलं.

मालती, माझी बायको, भाजी चिरत होती. "बंगलोरलाच आहे. मोडकांशी फोनवर बोलतोय, त्यांनी स्पीकर लावलाय."

"रोज?"

"बहुतेक. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मोबाईलवर एक खेळ आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुमच्यातले काही जण लगेच घेतील आणि मोडकांच्या हाताखाली जातील. त्यात जगभरची माणसं गट करून गावं वसवतात आणि एकमेकांशी लढतात. निखिलने सहज म्हणून मोडकांना त्यात घेतलं. बायको गेल्यापासून ते संध्याकाळी नुसते गॅलरीत उभे असायचे. कोणाच्या तरी मागे उभं राहायची सोय उरली नव्हती. बघता बघता युद्ध लागलं. त्यांचा गट आणि शत्रूचा गट, मध्ये नदी, आणि नदीलगत डोंगराचा एक पट्टा, ज्यावर दोघेही हक्क सांगत. लोखंडाच्या खाणी फक्त तिथेच. युद्धात भिंती बांधायला, जखमी सैनिक उभे करायला लोखंड लागतं, लाकूड लागतं, धान्य लागतं. त्यासाठी प्रत्येकाने आपल्या गाड्या त्या पट्ट्यात पाठवायच्या. गाडी खाणीवर पोचली की भरायला तास न् तास लागतात, आणि तेवढ्यात शत्रूची धाड आली तर माल गेला. म्हणजे कोणीतरी सतत डोळा ठेवून धाड दिसताच गाडी परत बोलवायची. पण माणसाला झोप असते, नोकरी असते, बायको असते. म्हणून सगळ्या गटांचं त्या पट्ट्यात नुकसान व्हायचं. मोडकांच्या गटाचं व्हायचं थांबलं, कारण मोडकांनी तिथे बारावीची परीक्षा सुरू केली.

हे मी अतिशयोक्तीने सांगत नाही. त्यांनी खाणींचे ब्लॉक पाडले. प्रत्येक ब्लॉकला पर्यवेक्षक. प्रत्येक पर्यवेक्षकाला रिलीव्हर. परीक्षेत पर्यवेक्षकाला चहाला, लघवीला सोडायला जो दहा मिनिटं त्याच्या जागी उभा राहतो, तो रिलीव्हर. तसं इथे एकाची झोपायची वेळ झाली की दुसऱ्या देशातला, जिथे तेव्हा दुपार आहे असा, त्याच्या गाड्या पाहायचा. पोलंडमधला एक ट्रकवाला होता, तुर्कस्तानातली एक नर्स, मनिलाचा एक विद्यार्थी. आपल्या गटाला मोडक "आपलं केंद्र" म्हणत, शत्रूला "पलीकडचं केंद्र", आणि धाडीला "भरारी पथक". तो पोलिश ट्रकवाला बोलता बोलता घाबरून "भरारी, भरारी" ओरडायचा, ते डक्टमधून मी स्वतः ऐकलंय. गाड्या भरून निघायची वेळ झाली की मोडक परीक्षेतल्या इंग्रजीत पुकारायचे, "लास्ट टेन मिनिट्स. टाय युअर सप्लिमेंट्स." पुरवण्या बांधा म्हणजे माल बांधा, हे त्या सगळ्यांना कळायचं. ते त्यांना एकाच शब्दात "मोडकसर" म्हणायचे, जणू ते एखाद्या किल्ल्याचं नाव असावं.

मोडक हे सगळं इस्त्रीचा शर्ट घालून करत. टेबलावर डब्याला मोबाईल टेकवलेला, बाजूला पितळी घंटा. घंटा कॉलेजातली, ती घरी कशी आली ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आता यातली खुबी बघा. दाणागोटा, रसद, खाणी, गवत, हा माझा विषय. आयुष्यभर माझा विषय. आणि माझा मुलगा रोज संध्याकाळी तो विषय एका वाणिज्यवाल्याकडे शिकत होता, आणि हसत होता.

"त्यांच्यावर जळण्यापेक्षा तुम्हीही खेळा ना," मालती म्हणाली.

"मी जळत नाही. मी निरीक्षण करतोय."

"मग निरीक्षणाचा धूर स्वयंपाकघरात येतोय. खिडकी लावून घ्या."

एकदा मोडकच दारात आले. "इतिहास, येता का? युद्ध वाढलंय, माणसं कमी पडताहेत."

"मला काय काम देणार?"

"नवीन माणसाला लाकूड. सगळ्यांनी लाकडापासूनच सुरुवात केली. निखिलनेसुद्धा."

"आणि लोखंड?"

"लोखंडाचा ब्लॉक निखिलकडे आहे. तिथे तुम्हाला देता येणार नाही."

"का?"

"नातेवाईक," मोडक म्हणाले, आणि आमच्या टेबलावरच्या बाटलीचा कागद सोलायला लागले.

मी सांगितलं, मला पोरखेळात रस नाही. लाकूड तोडून मी मोडकांच्या हाताखाली मोठा होणार नव्हतो. पण त्यानंतर मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला फार वेळा जाऊ लागलो.

मोडकांचं चुकायचंही. हे मी आनंदाने नोंदवतो. त्यांचा एक हट्ट होता: पलीकडच्यांच्या गाड्या आधी पोचल्या असतील तर त्या खाणीवर हल्ला करायचा नाही. निखिलचा आवाज यायचा, "सर, नदीजवळच्या खाणीवर त्यांच्या तीन गाड्या बसल्यात. उडवू का?"

"आधी आल्यात ना?"

"हो, पण सर, वॉर चालू आहे."

"वॉर चालू आहे म्हणून बाकावर बसलेल्या मुलाला उठवायचं का? दुसरा बाक बघ."

यामुळे गटातले लढवय्ये चिडायचे. आणि एकदा तर मोडकांनी ठरलेली वेळ झाली म्हणून अर्ध्या भरलेल्या सगळ्या गाड्या माघारी बोलावल्या. "वेळ संपली," एवढंच कारण. शत्रूने त्याच रात्री त्या खाणी कोरड्या केल्या. मी दोन दिवस खुशीत होतो. मालतीला म्हटलं, "रसद अशी चालत नाही. रसदीला घड्याळ नसतं." पण तिसऱ्या दिवशी काय झालं, तर पलीकडच्यांनीही मोडकांच्या गाड्यांना हात लावणं बंद केलं. त्यांचा गटप्रमुख कोणी व्हिएतनामी दंतवैद्य होता, त्याने निरोप पाठवला की म्हातारा नियमाने वागतो, तर आपणही वागू. सगळीकडे गावं पेटत होती आणि ज्या पट्ट्यासाठी ती पेटली, तिथे दोन्ही बाजूंच्या गाड्या शेजारी शेजारी लोखंड भरत होत्या. इतिहासात असं कधी घडलं आहे का, म्हणून मी पुस्तकं काढली. घडलं आहे. पण ते मोडकांना सांगायची गरज मला वाटली नाही.

मग टिटवाळ्याचं ठरलं. आणि त्याच आठवड्यात मोडकांच्या डोळ्याचं ऑपरेशन, मोतीबिंदू. जायच्या आधी ओळखीच्या डॉक्टरकडून उरकून घ्यावं असं मुलीचं म्हणणं. डॉक्टरने शनिवारपर्यंत मोबाईल बंद केला. नेमका तेव्हाच पलीकडचा तो सज्जन दंतवैद्य प्रमुखपदावरून गेला आणि पट्ट्यावर शेवटची झुंज लागली.

ऑपरेशनला जायच्या आधी मोडक आमच्याकडे आले. मोबाईल दोन्ही हातांत धरलेला, प्रश्नपत्रिकांचं सीलबंद पाकीट धरतात तसा.

"इतिहास, रिलीव्हर पाहिजे."

"कोणत्या ब्लॉकला?"

ते भिंतीकडे बघत म्हणाले, "लोखंड."

मी म्हटलं, "तिथे माझा नातेवाईक आहे."

"माहीत आहे."

"मग नियम?"

"नियम केंद्रसंचालकासाठी असतो. मी शनिवारपर्यंत रजेवर आहे." त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला. "फक्त उभं राहायचं. आपलं डोकं चालवायचं नाही. मुलाने काही विचारलं तर सांगायचं."

'मुलाने' म्हणजे परीक्षेतल्या कोणत्याही मुलाने, अशाच सुरात म्हणाले. मग मालतीला "येतो वहिनी" म्हणून, कठड्याला हात लावत खाली गेले.

मला आधी आला तो संताप. निखिलच्या बारावीला ज्या नियमाने मला पंख्याशिवाय ठेवलं, तो नियम हा माणूस चालता चालता मोडतो, आणि कशासाठी, तर मला माझ्याच मुलाशी बोलायची ड्यूटी लावायला. तेही आता मोडकांकडूनच घ्यायचं. मी मोबाईल तसाच ठेवणार होतो. तेवढ्यात तो वाजला.

"सर, वरच्या खाणीवर—"

"मी बोलतोय."

पलीकडून, "बाबा?"

"मोडकांचा डोळा. मी रिलीव्हर."

"अच्छा." तो म्हणाला. "तुम्हाला जमेल का हे?"

"दाणागोटा कळतो मला."

"बरं. खालच्या खाणीवर आपल्या चार गाड्या आहेत. नकाशावर लाल काही सरकताना दिसलं की लगेच सांगा."

"सांगतो."

मी सांगत राहिलो. खालची शांत. वरच्या बाजूला एक लाल आहे, पण लांब. आता जवळ येतंय. आता वळलं. तो म्हणायचा, "गुड. थांबा. आता बोलवा. गुड." संपूर्ण संध्याकाळ हेच. तेव्हा मला कळलं की तो मोडकांशीही एवढंच बोलत असणार. मला वाटायचं, मुलगा त्यांच्याजवळ मन मोकळं करतो, नोकरीचं, लग्नाचं काहीबाही सांगतो. तो त्यांना लोखंड किती भरलं ते सांगत होता. इतके दिवस मी ज्यावर जळलो, ते हे. आणि तरी त्या संध्याकाळी मालतीने जेवायला तीनदा हाक मारली, आणि तिन्ही वेळा मी "थांब जरा" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "बाबा, गाड्या उशिरा निघाल्या तर चालेल असं तुम्हाला वाटतं?" मोडकांनी डोकं चालवायचं नाही असं सांगितलं होतं. मी म्हटलं, "तू ठरव. मी इथेच बसलोय." हे वाक्य कोणाचं, ते तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. त्याच्या आलं की नाही, माहीत नाही. फोन ठेवायच्या आधी त्याने "उद्या आहात ना?" एवढं विचारलं.

शनिवारी टेम्पो आला. पलंग, कपाट, टेबल, पितळी घंटा, सगळं चढलं. मोबाईल परत द्यायची वेळ सकाळीच ठरली होती, आणि रिलीव्हरकडून आपली जागा परत घ्यायला मोडक आयुष्यात एक मिनिट चुकलेले नाहीत. चहाहून परतलेला पर्यवेक्षक दारात उभा राहतो, "धन्यवाद, सुटा," म्हणतो, आणि रिलीव्हर निघतो. मी गॅलरीत उभा होतो. खाणींवर सामसूम होती. दोन्ही बाजू थकल्या होत्या. बोलायला लोखंड उरलं नव्हतं. तरी निखिल फोन ठेवत नव्हता.

"असं कधी खरं झालंय का हो, बाबा?" तो म्हणाला. "म्हणजे, दोन्ही बाजू अशा मध्येच थांबल्या?"

मी जपून बोललो. त्याला आमटी आठवू नये म्हणून थोडक्यात. एका वेढ्यातल्या सैन्याबद्दल सांगितलं; आतल्यांचं धान्य संपलं होतं आणि बाहेरच्यांची वैरण, आणि दोघांनाही एकमेकांचं माहीत नव्हतं. एवढं सांगून थांबलो.

मागे दारात चाहूल लागली नाही, रबरी तळवे. मी सहज वळलो तेव्हा मोडक उंबऱ्यात उभे होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, वर काळा चष्मा, पांढरा शर्ट. त्यांनी मला पाहिलं, माझ्या कानाला लागलेला आपला मोबाईल पाहिला. मनगट चष्म्याजवळ नेऊन घड्याळ बघितलं. मी मोबाईल पुढे करायला हात हलवला.

मोडक वळले आणि जिना उतरू लागले.

गॅलरीतून मी खाली पाहिलं. ते टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले होते. मुलगी खाली उभी राहून वर बघत होती. ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला. मोडकांनी तो बाजूला केला. मग पुढ्यातली त्याची पाण्याची बाटली उचलून मांडीवर घेतली आणि सावकाश, एका डोळ्याने, तिचा कागद सोलायला लागले.

"बाबा, आहात ना?" निखिल म्हणाला. "मग पुढे काय झालं त्यांचं?"

मी खुर्ची ओढून बसलो आणि सांगायला लागलो.